पहिले सहा महिने शेजारी कोण बसणार?

तुझा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे माझी समजण्यात काही चूक होत असेल तर तुला कळेल. वय २१, बी.कॉम. दुसऱ्या वर्षात सुटलं, घर इंदूरच्या सुदामा नगरात. देवास नाक्यावरची एक ट्रान्सपोर्ट कंपनी स्वतःच्या खर्चाने ट्रक शिकवायला तयार आहे. ४५ दिवसांचं ट्रेनिंग, राहणं-जेवण त्यांचं, वर ८,००० रुपये हातखर्च, हेवीचं लायसन्स तेच काढून देणार. नंतर १८ महिने त्यांच्याकडेच नोकरी, पगार १७,००० आणि ट्रिपचा भत्ता वेगळा. मध्येच सोडलं तर ६०,००० भरायचे. कारचं लायसन्स काढून तुला आठच महिने झालेत, पण कंपनीचा माणूस म्हणाला, "ते आम्ही बघून घेऊ." आणि आई म्हणते, आपल्या घरात आजवर कोणी ट्रकला हात लावलेला नाही. तुझं विचारणं एवढंच, की फुकट मिळतंय तर घ्यावं का, की बॉण्डमध्ये मान अडकेल?

तुला अरे-तुरे करतोय, राग मानू नकोस, माझा धाकटा तुझ्याच वयाचा आहे. वडील ज्या मिलमध्ये होते ती बंद पडली आणि १९९३ मध्ये मी क्लीनर म्हणून गाडीवर चढलो. १९९६ मध्ये स्टीअरिंग हातात आलं, सोळा वर्षं लांबच्या लाईनवर काढली आणि २०१२ पासून पीथमपूरच्या एका फ्लीटमध्ये नव्या पोरांना शिकवतो. म्हणजे ज्या टेबलावर तुला बॉण्डवर सही करायला सांगतायत, तसल्याच टेबलाच्या पलीकडे मी बसतो. माझं बोलणं त्या हिशेबाने घे.

फुकट काहीच नाही, हे तुलाही कळतंय. तू दीड वर्ष देणार आहेस. पण ट्रेनिंग चांगलं की वाईट, बॉण्ड बरा की वाईट, यावर डोकं घालवण्याआधी एक वेगळी गोष्ट विचार. लायसन्स हातात आल्यावर पहिले सहा महिने तुझ्या शेजारच्या सीटवर कोण बसणार? मी ज्या पोरांना बिघडताना पाहिलं, घाबरून घरी गेलेलं पाहिलं, दोन-तीन वेळा हॉस्पिटलातही पाहिलं, त्यांतल्या कोणाचंच यार्डातलं ट्रेनिंग कमी पडलं नव्हतं. ते कमी पडले लायसन्सनंतर.

हिशेब करून बघ. मान्यताप्राप्त ट्रेनिंग सेंटरसाठी सरकारी नियमात हेवीचा कोर्स ३८ तासांचा आहे, सहा आठवड्यांत वाटलेला, आणि त्यात वर्गात बसण्याचे तासही आले. इंदूर ते मुंबई ५८५ किलोमीटरच्या आसपास. भरलेली गाडी, घाट, टोल, सगळं धरून ताशी ४० ची सरासरी पडली तर नशीब. म्हणजे एका बाजूचे पंधराएक तास. तुझे ३८ तास म्हणजे इंदूर–मुंबईची सव्वा फेरी! एवढ्यात हाफ क्लच जमतो, रिव्हर्समध्ये गाडी लाईनीत येते, ब्रेकच्या हवेचा काटा वाचता येतो, नायता मुंडल्याला आरटीओची टेस्ट पास होते. तिथे चौपन्न पोती जास्त चढवलेली गाडी नसते, पाऊस नसतो, समोरून डिपर न देणारी बस नसते.

माझीच गोष्ट सांगतो. १९९६ चीच, पावसाळा नुकताच संपलेला. सहा चाकी टाटा, मुंबईच्या बंदरासाठी सोयाबीनची पेंड भरलेली. सेंधवा सोडलं, बिजासन घाट सुरू झाला, उस्ताद, म्हणजे ज्याच्या हाताखाली मी शिकलो तो ड्रायव्हर, मागे फळीवर झोपलेला. आमच्या मालकाची पद्धत अशी होती की डिझेल वाचवलं तर ट्रिपमागे दोन पैसे वर मिळायचे. मी हुशारी केली आणि उतारावर गाडी न्यूट्रल केली. पहिलं वळण गेलं, दुसरं गेलं. मग ब्रेक मारत-मारत हवेचा काटा खाली यायला लागला आणि जळक्या ब्रेक लायनरचा वास केबिनमध्ये आला. तो वास एकदा नाकात गेला की आयुष्यभर ओळखू येतो. गिअर टाकायला गेलो तर गिअर पडेना, वेग जास्त झालेला. उस्ताद वासानेच उठला. ओरडला नाही. मागूनच म्हणाला, "क्लच दाब. सोड. रेस दे. अजून दे. आता क्लच, आता टाक." चौथा पडला, गाडीने हिसका खाल्ला, पुढे तिसरा पडला, आणि जिथे रस्ता रुंद होता तिथे गाडी उभी राहिली.

मागच्या चाकाच्या ब्रेक ड्रममधून धूर निघत होता. मी पाण्याचा कॅन घेऊन धावलो तर त्याने मनगट धरलं. तापलेल्या ड्रमवर पाणी मारलं की ड्रम तडकतो, हे मला ठाऊक नव्हतं. दीड तास आम्ही दगडावर बसून राहिलो. मग त्याने डिझेलचा हिशेब मांडला. त्या उतारावर माझी बचत एक लिटरसुद्धा भरत नव्हती. पुढे मंदिरापाशी गाडी लावली, मातेला नारळ फोडला, आणि तिथून धुळ्यापर्यंत त्याने मला चालवायला दिलं नाही. "ज्या गिअरने चढशील त्याच गिअरने उतर", हे वाक्य मी तीन वर्षं क्लीनर असताना शंभर वेळा ऐकलं होतं. हाताला ते त्या दिवशी कळलं.

आताच्या गाड्यांत तर न्यूट्रलने डिझेल वाचत नाहीच. गाडी गिअरमध्ये असताना ॲक्सिलरेटरवरून पाय काढला की इंजिन डिझेल घेणं बंद करतं. न्यूट्रलला मात्र इंजिन चालू ठेवायला डिझेल जातच राहतं. एक्झॉस्ट ब्रेक असतो, म्हणजे इंजिनाचा धूर अडवून गाडी धीमी करणारा, तो गिअरमध्ये असतानाच कामाला येतो. तरी पोरं न्यूट्रल मारतात, कारण ढाब्यावर कोणी तरी सांगितलेलं असतं. एबी रोडवरचा, म्हणजे आग्रा-मुंबई रस्त्यावरचा, गणेश घाट अशाच ब्रेक सुटलेल्या गाड्यांनी बदनाम झाला, शेवटी तिथे वेगळा रस्ता काढावा लागला.

म्हणून कंपनीत गेलास की ट्रेनिंगच्या खोल्या आणि सिम्युलेटर बघण्यात वेळ घालवू नकोस. विचार, "लायसन्स मिळाल्यावर माझी पहिली ट्रिप कुठली? सोबत कोण? आणि किती दिवस?" उत्तर आलं की "लगेच गाडी देऊ, आमचा तुझ्यावर विश्वास आहे", तर चहा पी आणि घरी ये. उत्तर आलं की "डबल ड्रायव्हर देतो", तर अजून एक प्रश्न विचार, की तो मला शिकवायला असेल की गाडी रात्रंदिवस चालावी म्हणून? या दोन्हींत जमीन-अस्मानाचा फरक आहे. डबल ड्रायव्हर तू चालवताना झोपतो, त्याचं कामच ते आहे. माझा उस्तादही झोपलाच होता म्हणा, पण तीन वर्षं मी त्याच्या नजरेखाली होतो आणि झोपेतही त्याचं नाक माझ्यावर होतं. अनोळखी डबल ड्रायव्हरकडून ती अपेक्षा करू नकोस.

आमच्याकडे आम्ही कसं करतो ते सांगतो, तुलनेला उपयोगी पडेल. पहिला महिना फक्त दिवसा, पीथमपूर, टिही, देवास, इंदूर, एवढंच. कंटाळवाणं वाटतं, पण रोज दहा-पंधरा वेळा गाडी मागे घ्यावी लागते आणि गाडी मागे घेता येणं हा या धंद्याचा अर्धा भाग आहे. फॅक्टरीच्या डॉकवर तीन गाड्या हॉर्न मारत उभ्या असताना सरळ लागली पाहिजे. दुसऱ्या महिन्यात भोपाळ, नागदा, एखादी रात्र बाहेर. तिसऱ्यापासून घाट, आधी रिकामी गाडी, मग भरलेली, ट्रेनर जागा. सहाव्या महिन्यानंतर एकटा. याचा खर्च आहे, एका गाडीवर दोघांचा पगार जातो, म्हणून सगळे करत नाहीत. सगळ्यांनी आमच्यासारखंच करावं असंही नाही. कंटेनर लाईनवाल्यांचं वेगळं असतं, मंडीचा माल नेणाऱ्यांचं वेगळं. पण काही तरी पायऱ्या असाव्यात, आणि त्या विचारल्यावर समोरच्याला पटकन सांगता याव्यात.

आता त्या "आम्ही बघून घेऊ" वर येतो. मी तिथे अडलो. मोटार वाहन कायद्यात साफ लिहिलंय, की ट्रान्सपोर्ट गाडीचं शिकाऊ लायसन्स घ्यायला हलक्या वाहनाचं लायसन्स किमान एक वर्ष जुनं हवं आणि वय २० पूर्ण हवं. वयात तू बसतोस, वर्षात नाही. म्हणजे अजून चार महिने तुला हेवीचं लर्निंगही मिळू शकत नाही. मग ४५ दिवसांत ते लायसन्स कसं काढणार होते? एक तर त्या माणसाला नियम माहीत नाही, नाही तर तो तुला विनालायसन्स रस्त्यावर बसवणार आहे. यार्डाच्या भिंतीआड काय करतात ते वेगळं, पण गेटबाहेर तसं चालवताना कोणाला लागलं, तर इन्शुरन्स कंपनी हात वर करायचं कारण शोधेल आणि केस तुझ्यावर होईल. कंपनीवाला तेव्हाही म्हणेल, आम्ही बघून घेऊ.

हे चार महिने वाया नाहीत. नोव्हेंबर २०२४ मध्ये सुप्रीम कोर्टाच्या घटनापीठाने स्पष्ट केलं, की हलक्या वाहनाच्या लायसन्सवर ७,५०० किलोपर्यंतची मालवाहू गाडी चालवता येते, त्याला वेगळा शिक्का लागत नाही. म्हणजे छोटा हत्ती, पिकअप तू आजही चालवू शकतोस. सियागंजमध्ये नाही तर चोइथराम मंडीत कोणाची पिकअप धर. कांद्याची पोती भरलेली पिकअप ब्रेकला कशी उशिरा थांबते, ताडपत्री वाऱ्यात कशी सुटते, वजनकाट्यावर नंबर कसा लावतात, व्यापाऱ्याशी आवाज न चढवता कसं बोलायचं, हे सगळं तिथे पगार घेऊन शिकशील. चार महिन्यांनी कंटाळलास तर चांगलंच, ६०,००० वाचले.

बॉण्डबद्दल. मी बॉण्डच्या विरोधात नाही. आमच्याकडेही अशी पोरं येतात की लायसन्स हातात पडलं आणि आठव्या दिवशी दुसऱ्याची गाडी चालवताना दिसली. कंपनीने दीड महिना पोसलं, डिझेल जाळलं, टायर झिजवले, तिला काही तरी धरून ठेवायला हवंच. बघायचं ते कागदावर काय आहे. ६०,००० पहिल्या महिन्यातही ६०,००० आणि सतराव्या महिन्यातही ६०,००० असतील तर तो कागद मला आवडत नाही. सरळ कंपनी रक्कम दर महिन्याला घटवत आणते. कंपनीनेच काढून टाकलं तर कोणी कोणाला द्यायचे, हे लिहिलेलं हवं. नसेल तर एक दिवस तुला असं वागवतील की तूच सोडशील. गाडीला खरचटलं, आरसा फुटला, तर ते पैसे पगारातून की बॉण्डमध्ये मिळवून, हेही विचार.

कोरा चेक देऊ नकोस, मार्कशीटची मूळ प्रत देऊ नकोस, आणि लायसन्स ऑफिसात जमा ठेवा म्हणाले तर हस आणि खिशात घाल. ते तुझ्याजवळ असायला हवं, पोलीस तुलाच मागणार. कायद्याचं म्हणशील तर कॉन्ट्रॅक्ट ॲक्टच्या कलम ७४ प्रमाणे करारात लिहिलेली रक्कम ही वरची मर्यादा असते, कोर्ट वाजवी भरपाईच देववतं. पण साठ हजारांसाठी तू कोर्टात जाणार नाहीस आणि तेही जाणार नाहीत. खरा दाब शेवटच्या दोन पगारांचा असतो, ते अडकवून ठेवतात. म्हणून पगार दर महिन्याच्या ठरलेल्या तारखेला बँकेत येतो का, हे तिथल्या जुन्या ड्रायव्हरांना विचार. ऑफिसात नको, गेटबाहेरच्या चहाच्या टपरीवर. मी पलीकडच्या बाजूचा असूनही सांगतो, टपरीवर जे कळतं ते ऑफिसात कळत नाही.

पगाराचं गणित तू १७,००० अधिक भत्ता असं मांडलंस. भत्ता ट्रिपवर असेल तर महिन्यात ट्रिपा किती, हे महत्त्वाचं. गाडी चालताना पैसे कमी जात नाहीत, उभी राहिली की जातात. फॅक्टरीच्या गेटवर दोन दिवस, बंदरात दीड दिवस, रिटर्न माल मिळेपर्यंत भिवंडीत तीन दिवस. त्या दिवसांचं जेवण कोणाच्या खिशातून, हे विचार. ॲव्हरेज कमी आलं तर डिझेल कापतात का, आणि मोजतात कसं, टाकी ते टाकी की कोणाच्या अंदाजाने? खर्चीचा, म्हणजे ट्रिपसाठी हातात दिलेल्या पैशांचा, हिशेब रोज रात्री लिहून ठेव, टोलचं फास्टॅगमधून जात असलं तरी. माझ्या पहिल्या वर्षी एका मालकाने पेंडीची तीन पोती कमी निघाली म्हणून पैसे कापले. पोती मी खाल्ली नव्हती, पण निघताना काटा करून पर्ची घेतली नव्हती, मग कोणाला दाखवणार? आता तुमच्या हातात कॅमेरा आहे. सीलचा नंबर, काट्याची पर्ची, ताडपत्री बांधलेली गाडी आणि पोच पावती, चारही फोटो प्रत्येक ट्रिपला.

डिस्पॅचवाला फोनवर ओरडेल, "ई-वे बिल संपतंय, पळव." घाबरू नकोस. ई-वे बिल म्हणजे माल नेण्याचा जीएसटीचा ऑनलाइन कागद, त्याची मुदत २०० किलोमीटरला एक दिवस अशी असते, म्हणजे मुंबईला तीन दिवस मिळतात. संपत आलंच तर ऑफिसातून वाढवून मिळतं. त्यांची घाई बहुतेक वेळा पार्टीला दिलेल्या शब्दाची असते, कायद्याची नसते. हे ज्याला माहीत असतं तो रात्री अडीचला गाडी बाजूला लावतो, ज्याला माहीत नसतं तो डोळे चोळत चालवतो.

झोपेबद्दल मी कडक आहे. १९६१ च्या मोटार ट्रान्सपोर्ट कामगार कायद्यानेच रोजचे आठ तास आणि लांबच्या लाईनला जास्तीत जास्त दहा, पाच तासांनंतर अर्धा तास विश्रांती, असं ठरवून दिलं होतं. रस्त्यावर ते कोणी मोजत नाही, तर आपण मोजायचं. रात्री दोन ते पाच ही वेळ वाईट. तंबाखू, चहा, मोठ्याने गाणी, खिडकीतून वारा, सगळं करून बघितलंय, काही चालत नाही. माझी रीत अशी होती की दोन वाजता खलघाट असो की जुलवानिया, ढाबा बघून गाडी लावायची. मालकाने शिव्या दिल्या तर ऐकायच्या. झोपण्याआधी गाडीभोवती एक चक्कर: टॉमीने, म्हणजे लोखंडी दांड्याने, टायरवर ठोका, भरलेला टायर टणक बोलतो, बसलेला थप्प वाजतो. जोड टायरच्या मध्ये दगड अडकलाय का बघ. हबवर हाताची पाठ लावून बघ, एकच हब तापलाय का. सकाळी निघताना हवेच्या टाकीतलं पाणी सोड. यात दहा मिनिटं जातात.

गाडी कुठली द्या म्हणावं, हा प्रश्न तू केला नाहीस, पण पोरं नंतर त्यावरच भांडतात. मॉडेलच्या नंबरमधले पहिले दोन आकडे टनातलं वजन आणि पुढचे साधारण ताकद सांगतात: २८२३ म्हणजे २८ टनांची, २३० हॉर्सपॉवरच्या आसपासची. दहा चाकी २८ ची, बारा चाकी ३५ ची. सुरुवात दहा चाकीने कर. ट्रेलर दिसायला रुबाबदार, पण तो मागे घेताना स्टीअरिंग उलटं फिरवावं लागतं आणि आधीच्या सवयी पक्क्या नसतील तर डोकं चक्रावतं. एसी केबिन २०२५ पासून नव्या ट्रकना सक्तीची झाली आहे, जुनी गाडी मिळाली तर मे महिन्यात धुळ्याच्या पुढे माझी आठवण काढ. युरियाची टाकी रिकामी होऊ देऊ नकोस, नव्या गाड्यांत धूर साफ करायला ते पाणी लागतं. डिझेल असूनही इंजिन ताकद तोडतं आणि नवा ड्रायव्हर घाटात बॉनेट उघडून बसतो.

आता आईचं. माझी आई पहिली पाच-सहा वर्षं नातेवाइकांना "ट्रान्सपोर्टमध्ये आहे" एवढंच सांगायची. लोकांना वाटायचं बुकिंग क्लार्क आहे. मी एकदा गाडी घेऊनच लोकमान्य नगरच्या मामाकडे हळदीकुंकवाच्या दिवशी पोचलो, तेव्हा उघड झालं. तुझी आई घाबरते त्यात चूक नाही. २०२५ च्या सप्टेंबरमध्ये एअरपोर्ट रोडवर दारू प्यालेल्या ड्रायव्हरने नो-एंट्रीत ट्रक घुसवून लोकांना चिरडलं ते इंदूरने पाहिलंय, त्यानंतर ट्रक ड्रायव्हर म्हटलं की लोकांच्या डोळ्यासमोर तेच येतं. दारूची कायद्यातली मर्यादा १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅम आहे. मी पोरांना सांगतो की गाडीच्या चाव्या खिशात असेपर्यंत तुमची मर्यादा शून्य. आईला हे सांगून पटणार नाही. तिला घेऊन कंपनीत जा. ट्रेनरला भेटव, पोरं जिथे झोपतात ती खोली, संडास-बाथरूम, स्वयंपाक दाखवायला सांग. आमच्याकडे दोन-तीन आया येऊन गेल्या आहेत. त्यांनी विचारलेले प्रश्न पोरांना सुचले नव्हते. आईला आत घ्यायला जी कंपनी टाळाटाळ करते, तिथे तू पण जाऊ नकोस.

लग्नाचं मी खोटं सांगणार नाही. महिन्यातून पाच-सहा दिवस घरी, हे पहिल्या दोन वर्षांत धरून चाल. ड्रायव्हर म्हटल्यावर स्थळं कमी येतात, हे आपल्या समाजात अजून आहे. माझ्या बायकोच्या घरी "पुढे स्वतःची गाडी घेणार" असं सांगितलं होतं. ती गाडी आजतागायत आलेली नाही, आणि दर दिवाळीला त्याची आठवण निघते.

तर तुझ्या बाबतीत माझं मत: काम वाईट नाही, कंपनीच्या खर्चाने शिकणंही वाईट नाही, पण ही कंपनी आणि ही वेळ मला पटत नाही. चार महिन्यांनी जा, आणि सोबत कोण, पहिल्या ट्रिपा कुठल्या, बॉण्ड कसा घटतो, या तीन गोष्टी कागदावर देत असतील तरच सही कर. देत नसतील तर दोन वाटा आहेत. एक, स्वतःच्या पैशाने ड्रायव्हिंग स्कूलमधून हेवी काढ आणि ओळखीच्या मालकाच्या गाडीवर वर्षभर दुसरा ड्रायव्हर म्हणून राहा. दुसरी, छिंदवाड्याला अशोक लेलँडची ड्रायव्हर ट्रेनिंगची संस्था आहे, तिथे चौकशी कर. दोन्हींत वेळ जातो आणि पैसे तुझे लागतात, पण सुटायचं झालं तर कोणाला विचारावं लागत नाही. घरी पैशाची ओढ असेल तर गणित बदलतं, ते तू लिहिलं नाहीस, म्हणून मी धरलं नाही.

आणि एक काम याच आठवड्यात कर, चार महिने थांबू नकोस. डोळे तपासून घे, नुसता नंबर नव्हे, रंग ओळखण्याची चाचणीसुद्धा. ट्रान्सपोर्ट लायसन्सच्या मेडिकलमध्ये ती असते. आमच्याकडे महूचा एक हुशार पोरगा होता, रिव्हर्स असा घ्यायचा की बघत राहावं. लाल-हिरव्यात घोटाळा निघाला तो ट्रेनिंगच्या तिसाव्या दिवशी, बॉण्डवर सही झाल्यानंतर. त्याचे पैसे माफ करून घ्यायला मला मालकाकडे तीन वेळा जावं लागलं.